गौप्यस्फोटाची वेळ : निवडणूकपूर्व माहिती-प्रकटनाच्या नीतीची चिकित्सा

प्रास्ताविक

गोपनीय माहिती बाहेर येण्यासाठी मराठी वृत्तपत्रांत दोन क्रियापदे रूढ आहेत. बातमी 'फुटते' आणि बातमी 'फोडली जाते'. 'फुटणे' हे अकर्मक क्रियापद आहे. ते वापरले की घटना आपोआप घडल्यासारखी वाटते. पाण्याच्या दाबाने बंधारा फुटावा तशी. 'फोडणे' या सकर्मक क्रियापदात मात्र कर्ता येतो, आणि कर्ता आला की त्याचा हेतू येतो, त्याने निवडलेली वेळही येते. निवडणुकीच्या काळात एखाद्या पक्षाचा अंतर्गत पत्रव्यवहार, एखाद्या नेत्याचे जुने प्रकरण किंवा चौकशीची कागदपत्रे लोकांसमोर येतात, तेव्हा आपली चर्चा बहुतेक वेळा 'काय फुटले' आणि 'ते खरे की खोटे' या दोन प्रश्नांभोवती फिरते. 'ते आजच का फोडले गेले' हा तिसरा प्रश्न विचारतो तो केवळ अडचणीत आलेला पक्ष. आणि म्हणूनच तो बचावाचा डाव समजून बाजूला सारला जातो.

प्रस्तुत लेखात या तिसऱ्या प्रश्नाचा नैतिक अंगाने विचार करावयाचा आहे. या विषयाची सर्वाधिक चर्चा ज्या निवडणुकीमुळे झाली ती अमेरिकेतील २०१६ ची अध्यक्षीय निवडणूक विवेचनाच्या केंद्रस्थानी ठेवली आहे. तुलनेसाठी ब्रिटन, फ्रान्स व स्लोव्हाकिया येथील घटनांचा आधार घेतला असून शेवटी आपल्याकडील कायद्याच्या व अनुभवाच्या संदर्भात काही निष्कर्ष मांडले आहेत. 'सत्य केव्हाही सांगावे' आणि 'मतदानाच्या तोंडावर काहीच सांगू नये' या दोन प्रचलित भूमिका अपुऱ्या आहेत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

एका शुक्रवारची गोष्ट

दि. ७ ऑक्टोबर २०१६ रोजी मतदानास बत्तीस दिवस उरले होते. त्या दिवशी दुपारी अमेरिकी सरकारच्या गृहसुरक्षा व गुप्तचर यंत्रणांनी संयुक्त निवेदन काढून राजकीय संस्थांच्या ई-मेलवरील घुसखोरीमागे रशियन सरकार असल्याचे जाहीर केले. त्यानंतर थोड्याच वेळात 'वॉशिंग्टन पोस्ट' या वृत्तपत्राने रिपब्लिकन उमेदवार डोनाल्ड ट्रम्प यांची २००५ मधील एक ध्वनिचित्रफीत प्रसिद्ध केली. स्त्रियांविषयी अत्यंत असभ्य बोलणे तीत होते. त्यावर तास उलटतो न उलटतो तोच 'विकिलीक्स'ने डेमोक्रॅटिक उमेदवार हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखांच्या, म्हणजे जॉन पोडेस्टा यांच्या, खासगी ई-मेलचा पहिला गठ्ठा खुला केला. पोडेस्टा यांच्या खात्यात फसव्या संदेशाद्वारे शिरकाव झाला होता तो मार्च महिन्यात. ऑक्टोबरच्या या शुक्रवारपासून मतदानापर्यंत या ई-मेलचा जणू रतीबच लागला. त्यांची एकूण संख्या पन्नास हजारांवर गेली.

त्यात सार्वजनिक हिताचे काहीच नव्हते, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. बड्या वित्तसंस्थांपुढे मोठे मानधन घेऊन क्लिंटन यांनी केलेल्या आणि प्रसिद्ध करण्यास नकार दिलेल्या भाषणांचे उतारे त्यांत होते. वृत्तवाहिनीच्या कार्यक्रमातील प्रश्न एका पक्षपदाधिकाऱ्याने क्लिंटन यांच्या गोटास आगाऊ कळविल्याचे त्यांतून उघड झाले. त्याआधी २२ जुलै रोजी खुल्या झालेल्या पक्ष समितीच्या एकोणीस हजारांहून अधिक ई-मेलमधून, तटस्थ असावयास हव्या त्या पक्षयंत्रणेचा कल बर्नी सँडर्स यांच्या विरोधात होता, हे दिसून आले होते. पक्षाच्या अध्यक्षांना त्यामुळे पद सोडावे लागले. माहिती खरी होती आणि मतदाराच्या उपयोगाची होती. मग आक्षेप कशाला? आक्षेप असलाच तर तो वेळेला आहे. तो टिकतो का, हे तपासले पाहिजे.

'सत्याला मुहूर्त नसतो' ही भूमिका

विकिलीक्सचे संस्थापक ज्युलियन असांज यांनी मतदानाच्या दिवशी, ८ नोव्हेंबर २०१६ रोजी, निवेदन काढून आपली बाजू मांडली. खरी माहिती मिळविण्याचा व देण्याचा अधिकार हे आपले मार्गदर्शक तत्त्व असून, निवडणूक चालू असताना असा संग्रह जनतेपासून दडवून ठेवणे अयोग्य ठरले असते, असा त्या निवेदनाचा आशय होता. ही भूमिका वरवर पाहता निरुत्तर करणारी आहे. मतदाराला माहितीची सर्वांत अधिक गरज मतदानापूर्वीच असते. मतदान झाल्यावर कळलेले सत्य म्हणजे वरातीमागून घोडे.

परंतु या भूमिकेत एक गृहीतक दडलेले आहे. प्रकाशक हा केवळ वाहक आहे, माहिती हाती आली की तो ती पुढे देतो, असे ते गृहीतक होय. उपलब्ध पुरावा याच्या विरुद्ध आहे. रशियन लष्करी गुप्तचर विभागाच्या बारा अधिकाऱ्यांवर जुलै २०१८ मध्ये ठेवलेल्या आरोपपत्रात आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विशेष अभियोक्ता रॉबर्ट म्युलर यांच्या अहवालात ६ जुलै २०१६ चा एक संदेश नमूद आहे. क्लिंटन यांच्याशी संबंधित काही असल्यास ते दोन दिवसांत द्यावे. कारण पक्षाचे अधिवेशन जवळ आले असून त्यानंतर त्या सँडर्स-समर्थकांना आपल्यामागे एकवटतील, असे विकिलीक्सकडून घुसखोरांच्या मुखवटाधारी खात्यास कळविण्यात आले होते. अधिवेशन २५ जुलैला सुरू झाले. ई-मेल २२ जुलैला खुले झाले. येथे वेळ ही माहितीच्या सज्जतेवरून ठरलेली नाही. इच्छित परिणामावरून मागे मोजत येऊन ती ठरविली आहे.

दुसरा पुरावा प्रकाशनाच्या पद्धतीतच आहे. जुलैमध्ये एकोणीस हजार ई-मेल एकाच दिवशी खुले करणाऱ्या संस्थेला ऑक्टोबरमध्ये रोज थोडे थोडे देण्याची गरज का भासावी? प्रमाण मोठे होते, पडताळणीस वेळ लागत होता, हे उत्तर जुलैचा अनुभव पाहता पटत नाही. एकदाच सर्व कागद समोर आले असते, तर वाचकाला त्यांचे तारतम्य लावता आले असते. संबंधितांना एकदा सविस्तर खुलासा करता आला असता. रोजच्या हप्त्यांमुळे प्रत्येक खुलासा दुसऱ्या दिवशी शिळा होत गेला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अभ्यासक कॅथलीन हॉल जेमीसन यांनी 'सायबरवॉर' या २०१८ च्या ग्रंथात या प्रकटनांचा वृत्तमाध्यमांच्या विषयपत्रिकेवर आणि उमेदवारांच्या दूरचित्रवाणीवरील वादचर्चांतील प्रश्नांवर कसा परिणाम झाला, याचे तपशीलवार विवेचन केले आहे. मतदार कशावर बोलतील, हे ठरविण्याची शक्ती ज्याच्या हाती असते तो निव्वळ वाहक राहत नाही.

यासंदर्भात महाभारतातील अश्वत्थाम्याच्या मृत्यूच्या वार्तेचा प्रसंग आठवतो. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता, ही गोष्ट शब्दशः खरी होती. परंतु ती द्रोणाचार्यांच्या कानी घातली गेली ती ऐन रणात, शहानिशा करण्यास अवधी नसताना. वार्तेतील शब्दांपेक्षा तिच्या घटिकेने तेथे अधिक काम केले. खऱ्या विधानाने फसविता येते ते असे.

शांततेची भूमिका आणि तिच्या मर्यादा

याच्या उलट टोकाची भूमिका फ्रान्सने पुढील वर्षी आचरून दाखविली. दि. ५ मे २०१७ रोजी, शुक्रवारी संध्याकाळी, उमेदवार इमॅन्युएल मॅक्राँ यांच्या प्रचारयंत्रणेतील सुमारे नऊ गिगाबाइट सामग्री महाजालावर टाकण्यात आली. मध्यरात्रीपासून प्रचारबंदी लागू होत होती आणि मतदान रविवारी, ७ मे रोजी होते. खऱ्या कागदांत बनावट कागद मिसळले असल्याचे मॅक्राँ यांच्या पक्षाने मध्यरात्रीपूर्वी अवघी काही मिनिटे आधी जाहीर केले. नंतर बोलण्यास त्यांना कायद्याने मुभा नव्हती. निवडणूक-प्रचारावर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाने ही सामग्री प्रसारित न करण्याचे आवाहन माध्यमांना केले. सामग्रीचे प्रमाण पाहता तिची छाननी इतक्या अल्पावधीत शक्य नाही आणि तिच्या प्रकटनाची वेळ मतदानाच्या सचोटीस बाधा आणण्यासाठी निवडलेली आहे, अशी कारणे देऊन 'ल मोंद' या वृत्तपत्राने मतदानापूर्वी मजकूर न छापण्याचा निर्णय घेतला. छाननीत महत्त्वाचे काही आढळल्यास ते नंतर छापू, असेही सांगितले. मॅक्राँ सुमारे ६६ टक्के मते मिळवून विजयी झाले.

हा निर्णय योग्य होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र तो ज्या कारणाने योग्य होता ते कारण दीड दिवसाच्या अवधीशी निगडित होते. तोच नियम आठवड्यांवर ताणला की त्याचे रूप पालटते. दि. १४ ऑक्टोबर २०२० रोजी, मतदानास वीस दिवस असताना, 'न्यूयॉर्क पोस्ट'ने जो बायडेन यांच्या पुत्राच्या लॅपटॉपमधील सामग्रीवर आधारित वृत्त दिले. ट्विटरने त्या वृत्ताचा दुवा पाठविण्यासच बंदी केली. पाच दिवसांनी एक्कावन्न माजी गुप्तचर अधिकाऱ्यांनी, आपल्याकडे पुरावा नाही हे मान्य करीत, हे प्रकरण रशियन कारवाईच्या वळणाचे दिसते, असे पत्र काढले. ट्विटरच्या प्रमुखांनी दुवा रोखणे चुकीचे होते, अशी कबुली काही दिवसांतच दिली. आणि त्यांतील काही ई-मेल अस्सल असल्याची पुष्टी प्रमुख वृत्तपत्रांनी मार्च २०२२ मध्ये केली. वीस दिवस हा छाननीसाठी, प्रश्न विचारण्यासाठी आणि उत्तर देण्यासाठी पुरेसा काळ होता. तो शांततेत घालविला गेला. २०१६ च्या चुकीवरील उपाय म्हणून केलेली ही दुसरी चूक होती.

शांततेच्या नियमात आणखी एक धोका आहे. तो नियम फोडणाऱ्यालाही माहीत असतो. स्लोव्हाकियात ३० सप्टेंबर २०२३ च्या मतदानापूर्वीच्या अठ्ठेचाळीस तासांच्या प्रचारबंदीत एका प्रमुख पक्षाचे नेते मिखाल शिमेच्का यांच्या आवाजासारखी बनावट ध्वनिफीत समाजमाध्यमांवर पसरली. ज्या काळात उत्तरावर बंधन, त्याच काळात आरोप मोकळा, अशी विपरीत स्थिती निर्माण झाली. मतदाराच्या शांत विचारासाठी राखलेला अवधी आरोपकर्त्याचे चिलखत बनला.

न सांगणे हीही वेळेची निवड

वेळेची चर्चा करताना आपण सामान्यतः घाईने सांगणाऱ्याकडे बोट दाखवितो. परंतु लांबणीवर टाकणारा हाही वेळ निवडतच असतो. अमेरिकी सरकार न्यायालयीन अनुमतीशिवाय नागरिकांच्या संभाषणांवर पाळत ठेवीत असल्याचे वृत्त 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १६ डिसेंबर २००५ रोजी प्रसिद्ध केले. जेम्स रायझेन व एरिक लिक्टब्लाउ या वार्ताहरांना त्यासाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले. हे वृत्त सरकारच्या विनंतीवरून सुमारे वर्षभर रोखून धरले होते, असे पत्राने तेव्हाच सांगितले होते. त्याचा मसुदा २ नोव्हेंबर २००४ च्या अध्यक्षीय मतदानापूर्वीच तयार होता, हे मात्र वाचकांना स्पष्टपणे कळले ते ऑगस्ट २००६ मध्ये, त्याच पत्राच्या वाचक-प्रतिनिधीने संपादकांस विचारल्यावर. रायझेन यांचे याच विषयावरील प्रकरण असलेले पुस्तक जानेवारी २००६ मध्ये येऊ घातले होते, ही बाबही लक्षणीय आहे. मतदानाच्या तोंडावर गप्प राहण्याला आपण सहज 'तटस्थता' म्हणतो; पण ज्या अध्यक्षाच्या आदेशाने ही पाळत चालू होती तेच अध्यक्ष त्या निवडणुकीत उमेदवार होते. गप्प राहण्याचा लाभ कोणास झाला, हे सांगण्यास पंडिताची गरज नाही.

लांबणीचा दुसरा प्रकार आळसाचा किंवा अनिर्णयाचा असतो. अमेरिकेच्या संघीय अन्वेषण विभागाचे संचालक जेम्स कोमी यांनी २८ ऑक्टोबर २०१६ रोजी, मतदानास अकरा दिवस असताना, क्लिंटन यांच्या ई-मेल प्रकरणाशी संबंधित वाटणारी नवी सामग्री मिळाल्याचे पत्र संसदेस पाठविले. ते तत्काळ सर्वत्र प्रसिद्ध झाले. दि. ६ नोव्हेंबर रोजी त्यांनीच, आधीच्या निष्कर्षात बदल नाही, असे दुसरे पत्र पाठविले. हे अधिकृत पत्र होते, गौप्यस्फोट नव्हे. तरी वेळेचा प्रश्न तोच. न्याय विभागाच्या महानिरीक्षकांनी जून २०१८ च्या अहवालात त्यांच्या निर्णयावर कठोर टीका केली. त्याच अहवालातील एक गोष्ट मात्र फारशी चर्चिली गेली नाही. ही सामग्री सप्टेंबरच्या अखेरीसच विभागाच्या नजरेस आली होती आणि त्यानंतर जवळजवळ महिनाभर तिच्यावर काम झाले नाही. विलंबाची दिलेली कारणे महानिरीक्षकांना पटली नाहीत. सप्टेंबरात हात घातला असता तर ऑक्टोबरअखेरचा पेच उद्भवलाच नसता.

कसोटीचा शोध

मग योग्य वेळ कोणती? मतदानास अमुक दिवस उरले असताना सांगावे आणि तमुक दिवस उरले असताना सांगू नये, अशी रेषा आखण्याचा मोह होतो. परंतु वरील उदाहरणे पाहता ती रेषा कोठेही आखली तरी चुकते. परिणामावरूनही नीती ठरविता येत नाही. ब्रिटनमध्ये २५ ऑक्टोबर १९२४ रोजी, मतदानाच्या चार दिवस आधी, 'डेली मेल'ने 'झिनोव्हिएव्ह पत्र' छापले. सोव्हिएत नेत्याने ब्रिटिश कम्युनिस्टांना उठावाची चिथावणी दिल्याचा त्यात देखावा होता. मजूर पक्षाच्या जागा १९१ वरून १५१ वर आल्या. पण त्या पक्षाची एकूण मते वाढलीच. पत्राने निकाल फिरविला की नाही, यावर इतिहासकारांत एकमत नाही. पत्र बहुधा बनावट होते, हा ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या इतिहासकार गिल बेनेट यांचा निष्कर्ष आला १९९९ मध्ये, म्हणजे पंचाहत्तर वर्षांनी. निकाल बदलला नसता तरी त्या कृत्यातील अन्याय कमी झाला नसता. कारण तो अन्याय मतदाराला शहानिशेची संधी नाकारण्यात होता.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, योग्यायोग्यता मतदानापासूनच्या अंतरावर ठरत नाही; ती माहिती हाती येणे आणि ती प्रसिद्ध होणे यांमधील अंतरावर ठरते. या अंतराचा हिशेब देता आला पाहिजे. शहानिशा, संबंधितांची बाजू घेणे, अनाठायी व्यक्तींचे खासगी तपशील गाळणे या कामांसाठी जो वेळ लागला तो न्याय्य. अधिक परिणाम साधावा म्हणून दाबून ठेवलेला वेळ अन्याय्य, आणि अधिवेशन किंवा मतदान गाठावे म्हणून या कामांतून कापलेला वेळही तितकाच अन्याय्य. जुलै २०१६ चे प्रकटन या दुसऱ्या दोषाचे उदाहरण आहे. म्युलर अहवालानुसार सामग्री १४ जुलैच्या सुमारास पाठविली गेली आणि २२ जुलैला खुली झाली. त्या घाईत सामान्य देणगीदारांच्या क्रेडिट कार्डांसारखे खासगी तपशीलही चव्हाट्यावर आले. त्यांचा पक्षांतर्गत पक्षपाताशी काय संबंध होता?

या कसोटीला सिद्धान्ताचाही आधार मिळतो. सिसेला बोक यांनी १९८२ च्या 'सीक्रेट्स' या ग्रंथात जागल्याच्या कृतीत मतभेद, निष्ठाभंग आणि आरोप हे तीन घटक दाखविले आहेत. वेळेचा विचार करताना आपण पहिल्या दोन घटकांत गुंततो; 'त्याने आधीच का सांगितले नाही' हा निष्ठेविषयीचा प्रश्न असतो. तिसरा घटक दुर्लक्षित राहतो. आरोप म्हटला की उत्तराचा अवकाश हा त्याचाच भाग होय. अर्थशास्त्राच्या दिशेने आलेले विवेचनही याच ठिकाणी पोहोचते. ग्रॅटन, होल्डन व कोलोटिलिन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले आहे की, लवकर सांगणारा अधिक छाननीस सामोरा जातो आणि म्हणूनच अधिक विश्वसनीय ठरतो; ज्याचा माल खोटा तो उशिरा सांगण्याकडे झुकतो. उशिरा सांगितलेले सर्वच खोटे असते असे यातून सिद्ध होत नाही. परंतु उशीर हा स्वतःच एक पुरावा असून मतदाराला तो विचारात घेण्याचा हक्क आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

आता ही कसोटी अवघड उदाहरणांना लावून पाहू. दि. २ नोव्हेंबर २००० रोजी, मतदानाच्या पाच दिवस आधी, उमेदवार जॉर्ज बुश यांना १९७६ मध्ये मद्यपान करून वाहन चालविल्याबद्दल अटक झाली होती, हे वृत्त बाहेर आले. माहिती पुरविणारा विरोधी पक्षाचा होता. तरीही वार्ताहराने कागद तपासून त्याच दिवशी वृत्त दिले आणि बुश यांनी त्याच संध्याकाळी ते मान्य केले. माहिती देणाऱ्याचा हेतू दूषित असेल. प्रसिद्ध करणाऱ्याचा हिशेब स्वच्छ होता. मोठा उशीर येथे खुद्द उमेदवाराचा, चोवीस वर्षांचा होता.

७ ऑक्टोबर २०१६ च्या दोन प्रकटनांतील फरकही आता स्पष्ट होतो. 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या वार्ताहराला ध्वनिचित्रफितीची माहिती त्याच दिवशी सकाळी मिळाली. उमेदवाराच्या कार्यालयाशी संपर्क साधून त्यांच्या निवेदनासह ती दुपारी प्रसिद्ध झाली. फीत देणाऱ्याने तोच दिवस का साधला, हे मात्र वाचकाला कळलेले नाही आणि तेवढ्यापुरता तो हिशेब अपुरा आहे. दुसरीकडे, पोडेस्टा यांच्या ई-मेलच्या बाबतीत हिशेबच दिला गेला नाही.

सर्वांत अवघड उदाहरण २०२४ चे आहे. ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेतील कागद, त्यांत उपाध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स यांच्याविषयीचा टिपणसंच, इराणी घुसखोरांमार्फत तीन प्रमुख वृत्तसंस्थांकडे पोहोचले. त्यांनी घुसखोरीची बातमी दिली, कागद मात्र छापले नाहीत. सप्टेंबरअखेर एका स्वतंत्र पत्रकाराने ते प्रसिद्ध केले. मजकुरापेक्षा त्याचा उगम अधिक वृत्तमूल्याचा आहे, हे संस्थांनी दिलेले कारण विचारार्ह आहे. पण २०१६ मध्ये एका पक्षाचे चोरलेले ई-मेल रोज छापणाऱ्या माध्यमांनी २०२४ मध्ये दुसऱ्या पक्षाचे कागद न छापणे हा शहाणपणातील बदल होता की उमेदवारातील, असा प्रश्न वाचकाच्या मनात उरतोच. हिशेब एकदा देऊन भागत नाही. तो सर्व पक्षांसाठी एकाच वहीत ठेवावा लागतो.

आपल्या संदर्भात

आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२६ नुसार मतदान संपण्यापूर्वीच्या अठ्ठेचाळीस तासांत सभा, मिरवणुका तसेच दूरचित्रवाणी व तत्सम साधनांद्वारे निवडणूकविषयक मजकूर दाखविण्यास मनाई आहे. मुद्रित माध्यमे या कलमात येत नाहीत. मार्च २०१९ मध्ये समाजमाध्यम कंपन्यांनी स्वीकारलेल्या ऐच्छिक संहितेनुसार या कलमाखालील निवडणूक आयोगाच्या सूचनेवर तीन तासांत कार्यवाही अपेक्षित आहे. नियम आहेत, परंतु ते प्रचार डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत, प्रकटन नव्हे.

याची प्रचिती महाराष्ट्रास २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत आली. मतदान २० नोव्हेंबरला होते. १९ नोव्हेंबर रोजी एकाच दिवसात दोन प्रकरणे उसळली. विरार येथील एका हॉटेलात सत्ताधारी पक्षाच्या राष्ट्रीय पदाधिकाऱ्यावर पैसे वाटपाचा आरोप झाला, तो त्यांनी फेटाळला. त्याच दिवशी दोन विरोधी नेत्यांचा बिटकॉइन व्यवहाराशी संबंध जोडणाऱ्या ध्वनिफिती प्रसृत झाल्या. त्या बनावट असल्याचे सांगून त्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. दोन्ही प्रकरणे सारखी नाहीत, हे येथे मुद्दाम नोंदविले पाहिजे. पहिल्यातील कथित घटना त्याच दिवशीची होती. ती आधी सांगताच आली नसती. दुसऱ्यातील कथित व्यवहार जुने होते. म्हणून 'आजच का' हा प्रश्न तेथे अधिक तीव्रतेने लागू होतो. मतदाराच्या हाती मात्र एक रात्र होती आणि तिच्यात काय तपासायचे, हे त्याला कोणीही सांगितले नाही.

समारोप

आपल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यालयात आवक-जावक नोंदवही असते. आलेल्या कागदावर आवक क्रमांक व तारीख पडल्याशिवाय तो पुढे सरकत नाही, आणि वाद उद्भवला की प्रथम तीच वही काढली जाते. गौप्यस्फोट छापणाऱ्याने वाचकासमोर निदान एवढी वही उघडावी, असे या चिकित्सेअंती सुचवावेसे वाटते. सामग्री केव्हा हाती आली, प्रसिद्धीपर्यंतच्या काळात काय तपासले, संबंधितांस उत्तरासाठी किती अवधी दिला आणि देणाऱ्याचा या निवडणुकीत काही हितसंबंध आहे काय, या चार नोंदी बातमीच्या अंगातच असाव्यात. नेमक्या तारखेमुळे स्रोत उघडा पडण्याची भीती असेल तेथे महिना सांगावा. तेवढ्याने जागल्याचे संरक्षणही होते आणि वाचकाचा हक्कही राहतो. ज्या बातमीला या नोंदी देता येत नाहीत तिच्यावर बंदी नको. परंतु ती त्या नोंदींशिवाय आली आहे, हे वाचकास दिसले पाहिजे. माहिती हाती असूनही मतदानापूर्वी न छापण्याचा निर्णय घेणाऱ्यानेही नंतर हाच हिशेब विलंब न करता द्यावा.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, ज्याचा हेतूच दूषित आहे तो अशा नोंदी देणार नाही, किंवा खोट्या देईल. हे खरे आहे. परंतु फोडणाऱ्याला सुधारणे हा या सूचनेचा हेतूच नाही. मतदाराला प्रश्न विचारण्याची सवय लागावी आणि वृत्तपत्राला उत्तर देण्याची, एवढाच तिचा हेतू आहे. निवडणुकीत मतदार न्यायाधीशाच्या आसनावर असतो, असे आपण वर्गात शिकवितो. ज्या न्यायाधीशापुढे निकालाच्या क्षणी पुरावा फेकला जातो आणि तो आला कोठून, केव्हा, इतके दिवस कोणापाशी होता, हे विचारण्याची सोय नसते, त्याच्या निकालाला आपण न्याय म्हणत नाही. मतदाराच्या बाबतीत तरी हे आपण का चालवून घ्यावे?